झेंडा रोवला की देश होतो का? बीर तविल ते जंजिरा

वसईतून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजची गोष्ट एका आपल्यासारख्याच आयटीवाल्यापासून. नोव्हेंबर २०१७. इंदूरचा सुयश दीक्षित इजिप्तहून गाडी काढून वाळवंटात गेला. इजिप्त आणि सुदानच्या मध्ये बीर तविल नावाचा साधारण २,०६० चौरस किलोमीटरचा तुकडा आहे. म्हणजे मुंबईच्या तिपटीहून मोठा. १८९९ आणि १९०२ साली ब्रिटिशांनी दोन वेगवेगळ्या रेषा आखल्या. त्या घोळामुळे हा तुकडा दोन्ही देशांना नको आहे, कारण तो घेतला तर समुद्राकाठचा हलाईब हातचा जातो. दीक्षितनं तिथं बी पेरलं, पाणी घातलं, झेंडा रोवला आणि फेसबुकवर स्वतःला राजा जाहीर केलं. त्याआधी २०१४ मध्ये एक अमेरिकन बाप आपल्या मुलीला राजकन्या करायचं म्हणून तिथंच झेंडा लावून आला होता.

यांना म्हणतात मायक्रोनेशन. देश असल्याचा दावा आहे, पण मान्यता कुणाचीच नाही. ऐकायला मजा वाटते. पण अबाब्दा आणि बिशारी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या भागात गुरं घेऊन फिरतात. त्यांना कुणी विचारलं?

दुसरा प्रकार जरा वेगळा. १९९३ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात न्युवॉबियन नावाच्या गटानं ४७६ एकर जमीन घेतली, पिरॅमिड आणि स्फिंक्स उभारले आणि नाव दिलं 'तामा-रे'. म्हणणं असं की आम्ही प्राचीन इजिप्तचे वारस, आमचं वेगळं राष्ट्र. त्यांचा म्होरक्या ड्वाइट यॉर्क याला २००४ मध्ये लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी १३५ वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी ते पिरॅमिड पाडले गेले.

म्होरक्या वाईट निघाला, हे खरं. पण लोक त्याच्यामागे का गेले? ज्यांच्या पणजोबांना साखळ्या घालून जहाजात भरलं, ज्यांचं नाव, गाव, भाषा सगळं पुसलं, त्यांना कुणीतरी सांगतं, 'तू फॅरोचा वंशज आहेस.' ती भूक खरी होती. तिचा फायदा मात्र खोट्या माणसानं घेतला.

आता या आपल्या किनाऱ्यावर. शाळेच्या सहलीला मी मुरुडला गेलो होतो. शिडाच्या होडीतून जंजिरा बघितला, कलालबांगडी तोफेवर बसून फोटो काढला. 'सिद्दी' म्हणजे गोष्टीतला व्हिलन, एवढंच डोक्यात होतं. ते कुठून आले, हा प्रश्न मला पडलाच नाही.

सिद्दी, म्हणजे हबशी. 'हबश' हे अबिसीनियाचं, आजच्या इथिओपियाकडचं नाव. कुणी गुलाम म्हणून आले, कुणी सैनिक, कुणी खलाशी. मलिक अंबर याच वाटेनं आला. हातोहात विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच नंतरचं औरंगाबाद. आणि जंजिऱ्यावर सिद्दींनी खरंखुरं राज्य केलं. सुरुवातीच्या काळात गादी सरळ बापाकडून मुलाकडे जात नसे, सिद्दी सरदार आपल्यातला प्रमुख निवडत. शिवाजी महाराजांना तो किल्ला मिळाला नाही. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून बघितला, तरी नाही. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी अलिबागजवळ सिद्दी सातला मारलं आणि मग १७३९ मध्ये आपली वसई घेतली. जंजिरा मात्र थेट १९४८ मध्ये भारतात विलीन झाला.

बघा, या राज्याला फॅरोचा आधार लागला नाही. आरमार होतं, महसूल होता, करारमदार होते. सगळं चांगलं होतं असंही नाही. किनाऱ्यावरच्या गावांनी सिद्दींच्या लुटी सोसल्यात, तेही विसरायचं नाही. पण आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी कोकणात तीन शतकं राज्य टिकवलं, हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे.

आणि आज? गुजरातमध्ये गीरजवळ, कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. कुणी गुजराती बोलतं, कुणी कोकणी. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं. २०२० मध्ये शांताराम सिद्दी तिथल्या विधान परिषदेवर गेले. २०२३ मध्ये जांबूरच्या हिराबाई लोबी यांना पद्मश्री मिळाली.

मला हीच गोष्ट टोचते. एक जण सुट्टी टाकून वाळवंटात जातो आणि संध्याकाळपर्यंत राजा होतो, त्याची जगभर बातमी होते. आणि ज्यांच्या रक्तात तो वारसा खरोखर आहे, त्यांना आपल्याच देशात 'तुम्ही कुठले?' याचं उत्तर देत बसावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी मुरुडला गेलात, तर किल्ला बघून लगेच गाडीत बसू नका. जवळच खोकरीला सिद्दींच्या दगडी कबरी आहेत. दहा मिनिटं थांबा तिथं. आणि तुमच्या गावात हबशी नावाची एखादी वाडी, विहीर, दर्गा असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढचा एपिसोड त्यावरच करूया. चला, भेटू!