टपरीवरच्या चहाची वंशावळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावातून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. तिथल्या टपरीवर पाणी, साखर, पत्ती आणि ठेचलेलं आलं पातेल्यात एकदमच पडतं. पाणी लालभडक झालं की दूध. चहा दोनदा वर येऊ द्यायचा, दोन्ही वेळा पातेलं उचलून खाली बसवायचा, मग चहाने रंगलेल्या फडक्यातून पिळून गाळायचा. वाटतं, आपल्याकडे पूर्वापार असाच चहा होत आला असेल. खरं तर त्याचं वय शंभरीच्या आसपास आहे.

त्याआधीही चहा होता, औषध म्हणूनसुद्धा. 1689 साली इंग्लंडहून निघून सुरतेला आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन लिहून गेला आहे की तिथले व्यापारी मसाले घालून चहा उकळतात आणि डोकेदुखीवर, पोटातल्या कळेवर घेतात. ती पत्ती चीनची. आसामची पत्ती 1838 मध्ये लंडनला निघाली आणि पुढची कित्येक वर्षं मळ्यांचा माल मुख्यतः साहेबाच्या देशातच जात राहिला.

मराठी मुलखात तर चहा धर्मसंकट ठरला. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि ख्रिस्त्याघरचं घेतलं म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेलं.

गावोगावी चहा पोचला तो मळेवाल्यांच्या पैशाने. 1903 साली निर्यातीच्या चहावर उपकर बसला. उपकराच्या पैशातून स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत चहाचा प्रचार झाला, तिसाच्या दशकात फारच जोरात. चहा कसा करावा हेही पाट्यांवर लिहिलेलं असे: पत्तीवर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, वरून थोडं दूध घाला. लोकांनी पाटी वाचली आणि सगळं एकत्र उकळलं. पत्ती महाग, तेव्हा तिचा शेवटचा रंग उतरेपर्यंत आच द्यायची, बाकीची कसर दूध, साखर, आलं भरून काढणार. पत्ती कमी खपते म्हणून प्रचारवाले कुरकुरत राहिले. मला हा आपल्या लोकांचा मोठाच शहाणपणा वाटतो.

पुढे यंत्रही याच चहाच्या कामी आलं. पानं चिरडून दाणे करणारं सीटीसी यंत्र आसामात 1930 च्या सुमारास निघालं आणि स्वातंत्र्यानंतर देशभर त्याच पत्तीचा खप वाढला. दाणेदार पत्ती उकळीत झटकन रंग सोडते, थोड्या पत्तीत जास्त कप होतात. आजच्या टपरीचं गणित तिच्यावरच उभं आहे.

या कोरडवाहू पट्ट्यात सगळ्यांच्या वाट्याला मात्र दुधाचा चहा येत नाही. दुभतं जनावर असलं तरी दूध विकायला जातं. कापूस वेचायला सकाळीच निघणाऱ्या बाया पुष्कळ घरांत कोरा चहाच घेतात, साखर जरा जास्त टाकून, कारण दुपारच्या भाकरीपर्यंत पोटाला आधार तेवढाच.