मोडीत निघालेली नाणी

काशीस गेलेला यात्रेकरू परतताना गंगेचा गडू घेऊन येतो. त्याच नगरीत काही मंडळींना निराळाच नाद लागला. ज्या प्राचीन नाण्यांना बाजारात कोणी विचारीत नाही, ती जमविण्याचा. गुप्त सम्राटांची देखणी सुवर्णनाणी हा धनिकांचा आणि वस्तुसंग्रहालयांचा विषय. या छंदाचे क्षेत्र त्याहून साधे. कुशाणांचे झिजलेले तांब्याचे पैसे, ओतीव तांब्याची निनावी नाणी आणि चांदीचे वेडेवाकडे कार्षापण.

कार्षापण दिसावयास ओबडधोबड. चांदीचा पत्रा ठोकून तुकडे पाडावयाचे, कोपरे कातरून वजन ३२ गुंजांच्या, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमच्या, आसपास आणावयाचे आणि त्यावर सूर्य, डोंगर, बैल, वृक्ष असे ठसे एकेक करून मारावयाचे. म्हणूनच त्यांना आहत नाणी म्हणतात. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, अक्षर नाही. सराफाच्या लेखी त्याची किंमत चांदीच्या भावाइतकीच. त्यामुळे शेतात सापडलेली कितीतरी गाडगी मुशीत रिकामी झाली. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सरकारास कळविण्याचे बंधन घातले खरे. परंतु चार-दोन झिजक्या नाण्यांना त्याचे संरक्षण कोठून मिळणार?

योगायोग असा की, बनारसमध्ये या विषयाकडे वळलेला एक विख्यात पुरुष धातूचा कस पाहणाराच होता. जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये तेथील टांकसाळीत रुजू झाला. १८३० मध्ये टांकसाळ बंद पडून तो कलकत्त्यास गेला आणि पुढे सात-आठ वर्षांतच ब्राह्मी लिपीचे वाचन त्याने सिद्ध केले. त्या यशात नाण्यांच्या अभ्यासाचा वाटा मोठा होता. अक्षरहीन नाणी मात्र मुकीच राहिली. १९३४ मध्ये बनारसच्याच दुर्गाप्रसादांनी त्यांवरील ठशांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत काही क्रम असावा असे दिसू लागले.

हा क्रम लावण्याची अगदी वेगळी रीत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी काढली. १९२९ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवीत होते. नाण्यांकडे ते वळले ते पुढे, पुण्यास आल्यावर. त्यांचे म्हणणे सरळ होते. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. म्हणून एकाच ठेव्यातील अधिक काळ फिरलेल्या गटाचे सरासरी वजन कमी भरेल, आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढेल. हे पडताळण्यासाठी त्यांनी चालू व्यवहारातली नाणीही एकेक करून तोलली. गणिताचा प्राध्यापक वाण्यासारखा चिल्लर घेऊन बसलेला पाहून पुष्कळांना हसू आले असेल! पण तक्षशिलेच्या ठेव्यात त्यांना आढळले की, पाठीवरचे बारीक ठसे जसजसे वाढतात तसतसे वजन उतरत जाते. ज्याला सराफ खोट म्हणत होता, तीच झीज कालगणनेचे साधन ठरली.

येथेच हौशी संग्राहकाची अडचण सुरू होते. १९२४ मध्ये सापडलेला तो ठेवा एकत्र राहिला होता; त्यात अलेक्झांडरची फारशी न झिजलेली नाणी असल्याने त्याचा काळही ठरविता आला. त्याच ठेव्यातील एक नाणे सुटे होऊन पेठेत आले असते तर ते केवळ चांदीचा तुकडा उरले असते. संग्राहक नाण्याला मुशीतून वाचवितो, परंतु गिऱ्हाईक आहे असे कळले की ठेवे फोडून विकण्याची लालूचही वाढते. बयाना येथे १९४६ मध्ये मिळालेल्या गुप्तांच्या सोन्याच्या ठेव्यातील १८२१ नाण्यांची सूची अनंत सदाशिव आळतेकरांनी सिद्ध केली. तांब्याच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत धरली गेली, त्यांच्या विक्रीस परवाना लागतो आणि ती परदेशी नेता येत नाहीत. नाण्याबरोबर गावाचे नाव टिकून राहीलच असे मात्र नाही.

काशीतच याचा दाखला आहे. राजघाटावर १९४० मध्ये रेल्वेच्या कामासाठी माती उपसली गेली, तेव्हा मुद्रा, मृण्मूर्ती आणि नाणी वर आली. त्यांतील पुष्कळ वस्तू भारत कला भवनाने मिळविल्या, म्हणून त्या आज पाहावयास तरी मिळतात. कोणती वस्तू कोणत्या थरातून आली, हे मात्र कळण्याचा मार्ग राहिला नाही. पुढे विद्यापीठाने तेथे रीतसर उत्खनन केले, तेव्हा नाण्याबरोबर त्याच्या मातीचीही नोंद झाली.