बैलाला दाखला लागतो, पोराला कोण विचारतो?

आपल्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्याचा इतिहास कुणाला शिकवायला नको. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने कायम ठेवला. त्या अटींपैकी एक म्हणजे पळण्याआधी बैलाची डॉक्टरी तपासणी. ठीकच आहे. मुक्या जनावराला काय टोचलंय ते त्याला सांगता येत नाही.

पण त्याच गावात सायकल शर्यत किंवा मॅरेथॉन भरली, तर पळणाऱ्या पोराला कोण विचारतं? ज्याला बोलता येतं त्यालाच आपण विचारत नाही. म्हणून आज जरा हौशी सायकलपटूंच्या डोपिंगचा इतिहास मांडतो. विषय लांबचा वाटेल, पण शेवटी तो नारायणगावच्या रस्त्यावर येतोच.

आपला एक समज आहे. डोपिंग म्हणजे कोट्यवधी कमावणाऱ्यांचं काम. डोपिंग म्हटलं की लान्स आर्मस्ट्राँग आठवतो. 2012 मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली. त्याच्या आधी 1967 ला टॉम सिम्पसन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेला, शरीरात अँफेटामाईन आणि दारू सापडली. ही दोघं धंदेवाईक. पैशासाठी केलं म्हणायला सोपं.

आता हौशींकडे बघा. ऑलिम्पिकची सायकल शर्यत तेव्हा फक्त हौशींसाठी असायची. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये 100 किलोमीटरच्या सांघिक शर्यतीत डेन्मार्कचा क्नुड एनेमार्क येन्सन भर उन्हात सायकलवरून पडला आणि गेला. वय अवघं 23. अधिकृत कारण उष्माघात. त्याने औषध घेतलं होतं का, यावर आजही वाद आहे, पण खेळातल्या औषधांची चर्चा त्या मरणानंतरच जगभर पेटली. 1968 पासून ऑलिम्पिकमध्ये तपासणी सुरू झाली.

मग 1984, लॉस एंजेलिस. अमेरिकेच्या संघातल्या काही सायकलपटूंनी शर्यतीआधी हॉटेलच्या खोलीत रक्त चढवून घेतलं. रक्तात तांबड्या पेशी जास्त, म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन जास्त, एवढा साधा हिशोब. तेव्हा नियमात त्याला बंदी नव्हती, बोभाटा झाल्यावर आली. पुढे रक्ताच्या पिशवीची जागा ईपीओच्या इंजेक्शनने घेतली. किडनीच्या पेशंटसाठी आलेलं हे औषध धडधाकट माणसाने घेतलं की रक्त घट्ट होतं आणि ते हृदयाला ढकलावं लागतं.

2012 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रान फोंदो शर्यतीत आयोजकांनी स्वतःहून तपासणी ठेवली. नोकरीधंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्यांची ही शर्यत. दोन जण ईपीओ घेतलेले सापडले! 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने नेमलेल्या चौकशी आयोगाने लिहून ठेवलं की हौशी आणि प्रौढ गटांत डोपिंग मुळं धरतंय. कारणं काय दिली? औषध सहज मिळतं, स्वस्त झालंय आणि तपासणी क्वचित होते.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. डोपिंग फक्त पैशामागे जात नाही, जिथे कुणी बघत नाही तिथेही जातं. आणि हौशी माणसाला पैसा नको असला तरी नाव हवं असतं. आपल्याला हे कळायला अवघड नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात आणि आपल्या बैलगाड्यातही 'घाटाचा राजा' असतोच. त्या दोन शब्दांसाठी माणूस काय काय करतो ते आपण पिढ्यान्पिढ्या पाहिलंय.

आता घरचं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2024 च्या आकडेवारीत भारतातल्या 7,113 नमुन्यांपैकी 260 दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. आणि हे फक्त तपासलेल्यांचं. गावच्या स्पर्धेत 'नाडा'ची माणसं बाटली घेऊन येत नाहीत.

पुण्यात मेफेंटरमाईनच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी अनेकदा छापे टाकलेत. ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं ब्लडप्रेशर वर आणायचं हे इंजेक्शन जिममध्ये 'ताकदीचं' म्हणून खपतं. पोलीस भरतीच्या मैदानावर सिरिंज सापडल्याच्या बातम्याही आपण वाचल्यात. भरतीची तयारी करणारी, पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं आपलीच आहेत. सायकलची हौसही वाढतेय. जानेवारी 2026 मध्ये जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय पुणे ग्रँड टूर झाली, ती पाहून किती पोरांनी सायकली बाहेर काढल्या असतील! आनंद आहे. पण शर्यतीबरोबर शर्यतीचा रोगही येतो, हे मोठ्या माणसांनी ओळखायला पाहिजे.

गावपातळीवर लघवीची तपासणी परवडणार नाही, मान्य. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर 'उत्तेजक घेतलेले नाही' अशी एक सही घ्या. सुरुवातीला गावातल्या डॉक्टरांना माईक देऊन पाच मिनिटं बोलू द्या. नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, 'सरांनी दिलं' चालत नाही. हे पोरांना एकदा तरी कुणीतरी सांगा. बीआरएमसारख्या राईड भरवा. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, बस्स.

आणि घरच्यांनो, पोरगं अचानक फार जोरात पळायला लागलं तर कौतुक जरूर करा. पण काय खातोय, काय टोचून घेतोय, हेही विचारा. बैलाच्या वेळी विचारतो, तेवढ्या काळजीने तरी.

पटलं तर यात्रा कमिटीच्या ग्रुपवर टाका.