चक्कर डोक्यातून कानात कशी आली?

आजचा विषय आहे चक्कर. मराठीत डोळ्यांपुढे अंधारी आली तरी आपण चक्कर म्हणतो आणि घर गरगर फिरलं तरी चक्करच म्हणतो. आज बोलायचंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. हा आजार मेंदूचा की कानाचा, या प्रश्नाचं उत्तर मिळायला फार काळ गेला, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टर म्हणत, मेंदूत रक्त साचलंय. मग उपाय काय? रक्त काढा, जळवा लावा. आधीच गरगरणारा माणूस त्यानं आणखी खचायचा. ८ जानेवारी १८६१ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत प्रॉस्पेर मेनिएर यांनी वेगळं मत मांडलं. ते मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख वैद्य होते. चक्कर येणाऱ्या काही रुग्णांना ऐकू कमी येतं आणि कानात आवाज होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे दोष आतल्या कानात असणार. त्यांच्या पाठीशी फ्लुराँस यांचे जुने प्रयोग होते. कबुतराच्या कानातली अर्धवर्तुळाकार नलिका कापली, की पक्षी गिरक्या घेऊ लागे. पण मेनिएर पुढच्याच वर्षी वारले. मान्यता मिळाली, ती हळूहळू.

पुढचा टप्पा व्हिएन्नाचा. रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीनं धुवायचे. गार पाण्यानं चक्कर आली, की डोळे एका दिशेनं झटके देत. पाणी जास्त गरम असलं, की झटके उलट दिशेनं! का बरं? बारानींना आठवला पाणी तापवायचा बंब. तापलेलं पाणी वर जातं, गार खाली येतं. कानाच्या नलिकांतला द्रवही तसाच हलत असणार. या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा बारानी रशियात युद्धकैदी होते.

१९५२ मध्ये लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी एक साधी तपासणी नीट लिहून ठेवली. मान एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवं करायचं आणि डोळे पाहायचे. कुशीवर वळताना काही सेकंद घर फिरतं ना, तो आजार यात पकडता येतो. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नलिकेत शिरतात, म्हणून तो होतो. मग अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी डोकं टप्प्याटप्प्यानं वळवून ते कण परत बाहेर घरंगळवायची रीत काढली. गोळी नाही, सुरी नाही! इतकं सोपं कसं असेल, म्हणून समव्यावसायिकांनी ती हसण्यावारी नेली. त्यांचा मुख्य लेख छापून आला १९९२ मध्ये.

हा इतिहास आज का सांगायचा? कारण आपल्याकडे अजूनही ‘मानेचे मणके झिजलेत’ म्हणून पट्टा बांधला जातो आणि महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. वळताना चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा, की आडवं करून तपासता का? मात्र सोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर कानाचा विचार बाजूला ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा. दीडशे वर्षांपूर्वी सगळाच दोष मेंदूवर टाकत होते. आपण सगळाच कानावर टाकायला नको.