डब्यातून घरी आलेले आइस्क्रीम

स्मरणिकेसाठी आपल्या भागातील जुन्या चालीरीतींवर काही लिहा, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी आइस्क्रीमवर लिहिते म्हटल्यावर त्यांना हसू आले. "अहो, ती काय चालीरीत झाली? चालीरीत म्हणजे बोडण, मंगळागौर, डोहाळजेवण!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या गोष्टीला घरात ठरलेले नियम असतात, जिच्यासाठी ठरलेले भांडे असते आणि जी कोणी आणायची व कोणी आणायची नाही हेही ठरलेले असते, तिला चालीरीत म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? म्हणून भगिनींनो, हा लेख थोडा गोड मानून घ्यावा.

माझे वडील रेल्वेत होते आणि आम्ही दौंडला राहत होतो. आजोळ शिरूरचे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीचे. दोन्ही गावे आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडची, सह्याद्रीचा पाऊस जिथे पोहोचेपर्यंत दमून जातो अशा भागातली. चैत्र-वैशाखात घोड नदीच्या वाळूतून अनवाणी चालता येत नसे. अशा मुलखात थंड पदार्थाची ओढ किती असते, हे कोकणातल्या माणसाला सांगून कळायचे नाही.

थंडावा ही पूर्वी राजेरजवाड्यांची चैन होती. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पिण्याचे पाणी गार करीत, असे 'ऐन-इ-अकबरी'त लिहिलेले आहे. पुढे इंग्रजी अमलात बर्फ आला तो थेट अमेरिकेतून. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी सुमारे १०० टन शिल्लक राहिला! लाकडाच्या भुशाने ही किमया केली. मग मुंबई-मद्रासलाही अमेरिकन बर्फ येऊ लागला. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तेथे राहिले होते, म्हणून त्यांच्या नावाने ते ओळखले जाते. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंनी १८३४ च्या सुमारास मेजवानीत आइस्क्रीम वाढले, यजमानांना व पाहुण्यांना पडसे झाले आणि वर्तमानपत्राने त्यांना कानपिचक्या दिल्या, अशी गोष्ट सांगतात. आइस्क्रीम खाल्ले की घसा धरतो हा आपल्या घरातला वाद किती जुना आहे पाहा!

पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, तेव्हा बोस्टनच्या बर्फाची गरज संपली. दौंडला मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि गाव जंक्शन झाले. माझ्या लहानपणी भुशाने माखलेल्या बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून गाडीतून उतरताना मी पाहिल्या आहेत. जिथे लादी उतरते तिथे आइस्क्रीम होते, हा साधा हिशेब. घोडनदीला रेल्वे नव्हती, आजही नाही. पुणे-अहमदनगर ही आपल्या राज्यातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली ती घोडनदीवरूनच, पण एस.टी.च्या टपावर बर्फाची लादी कोण चढवणार? म्हणून दौंडच्या मुलांच्या वाट्याला आइस्क्रीम आणि घोडनदीच्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः गारेगार, अशी आमच्या बालपणाची वाटणी होती.

गारेगार म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगायला नको, पण नातवंडांसाठी लिहिते. रंगीत गोड पाण्याची, बांबूच्या काडीवर गोठवलेली कांडी. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी बांधून, भोंगा वाजवीत, "गाऽरेगार!" असे ओरडत विकणारा दुपारच्या सामसुमीत यायचा. पाच पैशांना एक मिळे. पण पैसे कोणाजवळ असत? ओंजळभर ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, मोडकी पळी, घोड्याचा पडलेला नाल, तुटकी चप्पल, काहीही चाले. आजोळी एकदा माझ्या मामेभावाने न्हाणीघरातला चांगला तांब्या भंगार म्हणून दिला आणि दोन गारेगार आणले. गारेगारवाला मात्र सचोटीचा. संध्याकाळी तांब्या परत घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, ह्यो तांब्या भंगार न्हाय. पोरांनी खाल्लेलं माझ्याकडून." आजीने त्याला भाकरी-पिठले खायला घातले.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडण्याची आणि तळ्यांची कामे निघाली. त्या कामांवरही गारेगारची सायकल जात असे. पगाराच्या दिवशी एक बाई एक कांडी घेई, ती तीन लेकरांना पाळीपाळीने चोखायला देई आणि शेवटी उरलेली काडी स्वतः चावत बसे, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते आठवले की आजही घशात काहीतरी अडकते.

आता दौंडच्या आइस्क्रीमकडे वळू. स्टेशनाजवळच्या एका दुकानात पॉटमध्ये आइस्क्रीम होई. लाकडी बादलीत मधोमध आटवलेल्या दुधाचे उभे भांडे, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, आणि वर फिरवायचा दांडा. मीठ कशाला, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नव्हते. बर्फात मीठ मिसळले की तो शून्य अंशालाही वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूचीच ओढून घेतो आणि मिश्रण शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकते. नुसत्या बर्फाने दूध गार होईल, गोठणार नाही. ही युक्ती वापरून हाताने फिरवायच्या पॉटचे पेटंट १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईने घेतले, हे मला अगदी अलीकडे कळले आणि बरे वाटले.

आमच्या घरी आइस्क्रीम वर्षातून तीन-चार वेळाच येई. निकालाच्या दिवशी, पाहुणे आले की, आणि वडिलांचा पगारवाढीचा कागद आला तर. त्यासाठी एक पितळी कडीचा डबा ठेवलेला होता, आतून कल्हई केलेला. तो घेऊन माझा मोठा भाऊ जाई. दुकानदार डब्यात आइस्क्रीम भरी आणि डबा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत व मग ओल्या गोणपाटात गुंडाळून देई. तिथून घरापर्यंत धावायचे. घरी आईने ओळीने वाट्या मांडून ठेवलेल्या असत, कारण डबा आल्यावर वाट्या शोधणे म्हणजे गुन्हाच. पहिल्या दोन वाट्या शेजारी जात. एरवी शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही ही आपली रीत. पण त्या दिवशी वाटी पोहोचवणाऱ्याला दारातच चिमूटभर साखर हातावर देऊन पळवीत, नाहीतर त्याचा वाटा घरी वितळत असे. एकादशी असली तर आणखी एक चर्चा होई. नुसते दूध आटवून केलेले उपासाला चालते, पीठ घालून दाट केलेले चालत नाही. मग भावाला दुकानदाराला विचारून यावे लागे, आणि त्याचे उत्तर नेहमी एकच असे, "चालतं हो!"

आई शेवटी खात असे. तोवर डब्याच्या तळाशी गोड दूध उरलेले असे. ते ती डबा तिरका करून पिई आणि म्हणे, "मला असंच आवडतं." आम्ही ते खरे मानले.

एका उन्हाळ्यात आजोळी जायचे होते. आजीने जन्मात आइस्क्रीम खाल्लेले नव्हते. आईच्या मनात आले, आजीला ते न्यायचेच. डबा तेवढा टिकणार नव्हता, म्हणून तिने चहाचा थर्मास बर्फाच्या पाण्याने विसळून गार केला आणि भावाला त्यात आइस्क्रीम भरून आणायला पाठविले. भीमा ओलांडून एस.टी. घोडनदीला पोहोचेपर्यंत तीन तास गेले. थर्मास उघडला तर आत दाट, गार दूध. आईचा चेहरा पडला. आजी विधवा, बाहेरचे काही तोंडात न घालणारी. तिने वास घेतला, बोटाने चाखले आणि म्हणाली, "हे तर दूधच की गं. दुधाला कसला आलाय विटाळ?" मग पेलाभर प्यायली.

पिऊन झाल्यावर तिने विचारले, "तिथं बायका बसतात का गं खायला?"

"नाही, आई. बायका कशा बसतील? पुरुषांची गर्दी असते."

"मग तू कशी आणलीस?"

"थोरल्याला पाठवलं."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे डबा तुझा, दूध आवडतं ते तुला, आणि गोठलेलं कसं लागतं ते पोराला ठाऊक. माझं राहू दे, माझं सगळं आयुष्य चुलीपाशी गेलं. तुझं वय काय आहे?"

आई काही बोलली नाही. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. एवढेच समजले की, आइस्क्रीम डब्यातून घरी आणण्याची आमची हौस ही नुसती हौस नव्हती. चांगल्या घरच्या बाईने बाजारात बसून खाऊ नये, या नियमाची ती दुसरी बाजू होती. डबा नसता तर आईला तळचे दूधसुद्धा मिळाले नसते.

दौंडला परतल्यावर चार दिवसांनी आई मला घेऊन त्या दुकानात गेली. दुकानदार गोंधळला. त्याने आम्हांला मागच्या बाजूच्या खोलीत नेले आणि पडदा ओढून घेतला. 'फॅमिली रूम' म्हणजे काय ते मी प्रथम पाहिले. आत पंखा नव्हता. आई घामाघूम झाली, पण आइस्क्रीम गोठलेले होते. पहिला चमचा तोंडात घातल्यावर तिने डोळे मिटले. मग मला म्हणाली, "मला हे असं आवडतं, हे मला माहीतच नव्हतं."

पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुकानदाराने पडदा ओढला आणि आईने तो परत सारला. "उकडतं हो," एवढेच ती म्हणाली. बाहेरच्या बाकावरचे दोघे-तिघे वळून बघत राहिले. आईचे कान लाल झालेले मला दिसत होते. पण ती वाटी संपवूनच उठली. त्यावर घरी बोलणीही खावी लागली. "आता हेच राहिलं होतं!" असे वडीलधारी मंडळी म्हणाली आणि सहा महिने ती पुन्हा गेली नाही. एका पडद्याने सगळे बदलले, असे मला लिहायचे नाही. बदल सावकाश झाला.

गोदरेजचा फ्रीज १९५८ सालीच निघाला होता, पण आमच्या आळीत तो यायला पुढची वीस वर्षे लागली. १९७० नंतर दुधाची महापूर योजना आली, दूध वाढले. १९९६ साली अमूलचे आइस्क्रीम निघाले आणि पुढे खेड्यातल्या किराणा दुकानातही शीतपेटी दिसू लागली. पितळी डबा मग फळीवर गेला. सध्या त्यात माझी रांगोळी असते. त्याचे झाकण अजून घट्ट बसते.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या आम्ही चौदाजणी हमरस्त्यावरच्या दुकानात गेलो होतो, हे पुष्कळजणींना आठवत असेल. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "मावशी, पार्सल की इथंच?" चौदाही जणी एकदम म्हणाल्या, "इथंच!" आणि तो मुलगा दचकलाच. आम्ही दारासमोरच्या टेबलांवर, रस्त्याकडे तोंड करून, तासभर बसलो.

उठताना मात्र एक पार्सल घेतले. आपल्या एक ज्येष्ठ सभासद पाय मोडल्यामुळे घरी पडून होत्या. मी तो डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, पदराखाली धरला आणि रिक्षावाल्याला सांगितले, "जरा लवकर चला, वितळेल."