चोथ्याची वजाबाकी

पिष्ट व साखर कमी असलेला आहार घेणारी मंडळी आज एक वजाबाकी नित्य करीत असतात. एखाद्या पदार्थाच्या शंभर ग्रॅमांत एकंदर वीस ग्रॅम कर्बोदकें असून त्यांपैकीं आठ ग्रॅम नुसता चोथा असेल, तर हिशेबांत बाराच ग्रॅम धरावयाचीं, अशी ही रीत. या बाकीला ‘नेट कार्ब’ म्हणतात. अंगचा मेद उतरविण्याच्या खटपटींत ही रीत रुळली असली, तरी तिचें मूळ मधुमेही माणसाच्या ताटांत आहे.

इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीं अमेरिकेंत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा उपवासाचा उपचार प्रसिद्ध होता. रोग्यास उपाशी ठेवीत आणि मग अगदीं बेताचें अन्न देत. भाज्यासुद्धां तीन-तीनदां उकडून त्यांचें पाणी फेकून देत; हेतु हा कीं, पिष्ट व साखर जितकी निघून जाईल तितकी जावी. आयुष्य थोडें लांबे, परंतु तें भुकेनें झिजण्याचें आयुष्य असे.

याच काळांत लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलांतील रॉबर्ट डॅनिएल लॉरेन्स या तरुण डॉक्टरास मधुमेह जडला. आपलें मरण घरच्यांच्या डोळ्यांसमोर येऊं नये म्हणून तो इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जाऊन राहिला. इकडे १९२१ मध्यें कॅनडांतील टोरोंटो येथें इन्सुलिनचा शोध लागला. १९२३ मध्यें लंडनच्या सहकाऱ्याची तार आली: औषध हातीं आलें आहे, गुण येतो, त्वरित परतावें. लॉरेन्स परतले आणि वांचले. पुढें ते १९६८ पर्यंत जगले.

परंतु इन्सुलिन आलें आणि नवाच प्रश्न उभा राहिला. टोचावयाच्या औषधाचें माप खाल्लेल्या कर्बोदकांच्या मापाशीं जुळलें पाहिजे. तत्कालीन कोष्टकांत तें माप आडवळणानें काढलेलें असे. शंभरांतून पाणी, प्रथिनें, स्निग्धांश व राख वजा करावयाची आणि उरेल तें कर्बोदक मानावयाचें! या उरलेल्यांत भाजीचा जो चोथा माणसाला पचत नाहीं, तोहि साखरेच्याच खात्यावर पडे. आणि बिचाऱ्या रोग्याची भाजी विनाकारण तुटे.

हें कोडें सोडविण्याचें काम लॉरेन्स यांनीं त्याच रुग्णालयांतील रॉबर्ट मॅक्‌कॅन्स यांच्याकडे सोंपविलें. त्यांनीं साखर व पिष्ट प्रत्यक्ष मोजलें. १९२९ मध्यें दोघांच्या नांवें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत कर्बोदकांचे दोन भाग पाडले गेले: शरीरास ‘उपलब्ध’ होणारीं आणि ‘अनुपलब्ध’ राहणारीं. आजच्या वजाबाकीचा हाच पूर्वज होय. पुढें एल्सी विडोसन या तरुण संशोधिकेनें फळांतील साखरेच्या आंकड्यांत चूक असल्याचें मॅक्‌कॅन्स यांना निर्भीडपणें दाखविलें. फळांतील कांहीं साखर प्रयोगांतील आम्लानें नष्ट होत असल्यामुळें आंकडा कमी येत होता. मॅक्‌कॅन्स रागावले नाहींत; त्यांनीं तिलाच सहकारी करून घेतलें. १९४० मध्यें दोघांचा अन्नघटकांच्या कोष्टकांचा ग्रंथ बाहेर पडला.

आज मोजणीची जागा पुन्हां वजाबाकीनें घेतली आहे. म्हणून दोन गोष्टी ध्यानीं ठेवणें इष्ट. एक, अनुपलब्ध म्हणजे सर्वस्वीं निरुपयोगी नव्हे. मोठ्या आंतड्यांतील जंतु कांहीं तंतु आंबवितात व त्यापासून शरीरास थोडी ऊर्जा मिळते. दुसरी, अमेरिकेंतील वेष्टनांवरील एकंदर कर्बोदकांच्या आंकड्यांत तंतु धरलेले असतात. युरोपीय संघांत ते आधींच वगळलेले असतात. तेथील आंकड्यांतून पुन्हां चोथा वजा करणारा मनुष्य एकच वजाबाकी दोनदां करतो. मेद उतरविणाऱ्याचें यांत फारसें बिघडणार नाहीं. इन्सुलिन टोचणाऱ्याला मात्र ही चूक महागांत पडते. ज्यांच्यासाठीं हा हिशेब प्रथम मांडला गेला, त्यांच्यापुरता तो आजहि जिवाचाच हिशेब आहे.