निवडुंग आणि नवी लागवड

रान माजलेल्या जमिनीवर बाग उठवावयाची म्हटली म्हणजे मनुष्य प्रथम कुऱ्हाड आणि नांगर यांची आठवण करतो. परंतु कांहीं तणें अशीं आहेत कीं, त्यांस तोडणें म्हणजेच त्यांची लावणी करणें होय. फड्या निवडुंगाचा तुटलेला एकेक फडा मातीवर पडला कीं मूळ धरतो. एवढा एक धर्म न ओळखल्यानें केवढा अनर्थ होतो, हें आस्ट्रेलियाच्या इतिहासांत पाहावयास सांपडतें.

निवडुंग त्या खंडांतला मूळचा नव्हे. १७८८ सालीं पहिल्या ब्रिटिश वसाहतवाल्यांनीं तो तेथें नेला, तो त्यावर पोसणाऱ्या किड्यांपासून तांबडा रंग मिळावा म्हणून. पुढें एकोणिसाव्या शतकांत त्याच्या इतर जाती कुंपणासाठीं व शोभेसाठीं गेल्या. आणि १९२५ च्या सुमारास क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स यांतील सुमारें ६ कोटि एकर जमीन त्यांच्या ताब्यांत गेली होती. तोडून, जाळून, सोमलाचीं विषें घालून लोक थकले. जमिनीच्या किमतीहून ती साफ करण्याचा खर्च अधिक येऊं लागला, आणि कित्येक कुटुंबें घरेंदारें टाकून निघून गेलीं. अखेर १९२५ सालीं अर्जेंटिनांतून एका पतंगाचीं अंडीं आणलीं. त्याच्या अळ्या फडा आंतून पोखरतात. १९३३ पर्यंत बहुतेक मुलूख मोकळा झाला, व बूनार्गा येथील लोकांनीं १९३६ सालीं त्या क्षुद्र जीवाच्या नांवानें सभागृह उभारलें!

आमच्या देशाचा अनुभव याहून जुना आहे. १७९५ सालीं रंगासाठींच बंगाल्यांत एक किडा आणला. तो हव्या त्या जातीचा नव्हता. रंग हलका निघाला, पण निवडुंगाची एक जात त्यानें फस्त केली. १८६३ नंतर दक्षिणेंत तो मुद्दाम सोडला, तेथेंही त्या जातीपुरतें काम झालें. दुसऱ्या जातीस मात्र तो तोंड लावीना. तिच्यासाठीं १९२६ सालीं सिंहलद्वीपाहून निराळा किडा आणावा लागला. उलट, आस्ट्रेलियाचा उपकारकर्ता तो पतंग १९५७ सालीं कॅरिबियन बेटांत नेला, आणि १९८९ सालीं फ्लॉरिडांत आढळला. तेथें निवडुंग देशी वनस्पति असल्यामुळें तोच आतां संकट होऊन बसला आहे.

तात्पर्य, तणाचा नायनाट बळानें होत नाहीं, ओळखीनें होतो. नव्या बागेच्या धन्यानेंही आधीं पाहावें कीं, आपला शत्रु बियांनीं पसरतो कीं मुळांनीं. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वींच उपटावें. हरळी व लव्हाळा असेल तर नांगरानें त्यांचे तुकडे सर्व वावरभर पसरूं नयेत. थोडथोडी जमीन खणून कांडीं व गांठी वेंचाव्या, आणि उरलेल्यांवर पुढील दोन-तीन हंगाम डोळा ठेवावा. उतावळ्याची कुऱ्हाड रान साफ करीत नाहीं. ती रानाची माळीण होते, असें आम्हांस वाटतें.